माळवदावरची चौथी जाऊ

सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी पंचशीला सोनकांबळे मिथेनचा चौथा हायड्रोजन सोलत होत्या. धोंडवाडीच्या कनिष्ठ महाविद्यालयाची प्रयोगशाळा म्हणजे पत्र्याची एक लांबट खोली. तिच्या उंबऱ्यावर त्या बसल्या होत्या. मांडीवर ज्वारीचं धाट, हातात अर्धं ब्लेड. धाटाची कडक साल काडीसारखी लांब निघत होती. आतला पांढरा मऊ गाभा, ज्याला इकडची पोरं भेंड म्हणतात, बोराएवढा तुकडा होऊन गोल कापला जात होता. बोर म्हणजे अणू, काडी म्हणजे बंध. दहा वाजता तपासणीचे साहेब येणार होते.

कॉलेजच्या विज्ञान शाखेची मान्यता एका वर्षाची होती. ती वाढली तर जूनमध्ये बारावीचा वर्ग सुरू होणार होता. नाही वाढली तर अकरावीतली मुलं उदगीरला नाहीतर लातूरला जाणार होती आणि मुली घरी बसणार होत्या. यात अंदाजाचा भाग नव्हता. महानंदा नावाची मुलगी वर्गात सगळ्यांत पुढं होती. तिचे वडील शिवप्पा यांनी बाईंना किराणा दुकानासमोर थांबवून सांगितलं होतं की गावात वर्ग असेल तर शिकंल, नसेल तर दोन पाहुणे येऊन बघून गेलेत. खुद्द बाईंची नोकरीही त्याच मान्यतेला बांधलेली होती, पण ते त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं आणि कोणी विचारलंही नव्हतं.

मागच्या तपासणीत एक शेरा पडला होता: रेणूंच्या रचनेची मॉडेल नाहीत. ती का नाहीत, याचं उत्तर प्राचार्य शेषेराव बिरादार यांच्याकडं होतं, पण ते ऐकायला साहेबांना वेळ नव्हता. विज्ञान शाखेच्या पहिल्याच प्रस्तावाबरोबर कॉलेजला प्लॅस्टिकच्या मॉडेलची एक पेटी मंजूर झाली तेव्हा धोंडवाडी उस्मानाबाद जिल्ह्यात होती. पेटी निघायच्या आत लातूर जिल्हा झाला. जुन्या यादीतून गावाचं नाव निघालं आणि नव्या यादीत चढेपर्यंत पेटी कुठंतरी दुसरीकडं उतरली. या गोष्टीला आता चार वर्षं झाली होती. बिरादार सर इतिहास शिकवत. निजाम गेला तेव्हा आपल्या आजोबांची घोडी अशीच मधल्या मध्ये राहिली होती, असं सांगून ते विषय संपवत.

पंचशीलाबाई मूळच्या कंधार तालुक्यातल्या. बहात्तरच्या दुष्काळात आई सरजाबाई खडी फोडायच्या कामावर जाई आणि ही मुलगी कामाच्या कडेला चिंचेखाली बसून धाटाच्या गाड्या, चष्मे, बाजा करी. पुढं नांदेडला बीएस्सी, औरंगाबादला एमएस्सी झाली. घरी पहिल्या पगाराचे पेढे वाटले तेव्हा सरजाबाईंनी शेजारणीला सांगितलं की पोरगी मास्तरीण झाली, पण नेमकं काय शिकवते ते डोळ्याला दिसत नाही. बाईंना ते वाक्य लागलं नाही. ते खरंच होतं. अणू डोळ्याला दिसत नाही हीच तर सगळी अडचण होती.

पेटी येत नाही हे नक्की झाल्यावर त्यांना धाट आठवलं. पण सालोसाल पावसानं पाठ फिरवलेली, मार्च लागलेला आणि कडब्याला आलेले दिवस असे की लोक पेंडी घरात नेऊन ठेवत. रस्त्यापलीकडं ग्यानोबाचं घर होतं. त्याच्याकडं एक बैल, एक कालवड आणि थोडा कडबा शिल्लक होता. दुसऱ्या बैलाला त्यानं संक्रांतीनंतर बाजार दाखवला होता. बाईंनी त्याच्याकडं एक पेंडी मागितली. त्यानं आधी नीट ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "बाई, जनावराच्या तोंडचं काढून तुमी खेळणं करून राहिलाव?"

बाईंनी समजावलं. ग्यानोबानं अट घातली. पानं परत द्यायची, वरचे शेंडे परत द्यायचे, उरलेली साल परत द्यायची. "भेंड तेवढं तुमचं," तो म्हणाला. आणि आपल्या मालाचं काय होतंय ते बघायला दुसऱ्या दिवसापासून तो प्रयोगशाळेच्या खिडकीबाहेर येऊन बसू लागला.

म्हणून बंधांचा धडा त्यानंही ऐकला. पंचशीलाबाईंनी तो सावडीवरून सुरू केला होता. ज्याच्याकडं एकच बैल राहिला तो शेतकरी दुसरा एकबैल्या गाठतो. दोघांचे मिळून जोडी होते. जोडी दोघांच्याही रानात चालते आणि दोघंही ती आपलीच म्हणून सांगतात. हायड्रोजनचा एकेक इलेक्ट्रॉन म्हणजे तो एकेक बैल. हा सहसंयुज बंध. काही वेळा सावड बरोबरीची नसते. जोडी दोघांची, पण रात्री बांधलेली कायम पाटलाच्या गोठ्यात. ऑक्सिजन हा तसा पाटील. आणि मिठात तर सावडही नाही: सोडियम आपला बैल क्लोरीनला देऊन मोकळा होतो आणि मग त्या बैलाच्या ओढीनं क्लोरीनच्याच दारात बसून राहतो.

खिडकीतून ग्यानोबानं विचारलं, "बाई, तुमची ही सावड मोडती का न्हाई कवा?"

"मोडते की. लई तापवली की मोडते."

"हाव," ग्यानोबा म्हणाला. "आमची बी तशीच मोडती."

धडा समजला. घोटाळा झाला तो हातांनी. वर्गातल्या अठराही मुलामुलींना धाटाची कला लहानपणापासून येत होती. बाईंनी मिथेन सांगितला: मध्ये एक कार्बन, त्याला चार हायड्रोजन. पाव तासात अठरा मिथेन तयार झाले. एकही काडी सैल नव्हती, एकही भेंड चिरलं नव्हतं. आणि अठराच्या अठरा चुकीचे होते. मुलांनी कार्बनला चार बाजूंनी चार काड्या काटकोनात खोचल्या होत्या, सगळ्या एका पातळीत, कारण हातांना तेवढंच माहीत होतं. गाडी अशीच होते. आडवा आस, उभी दांडी, चार टोकं. एकानं आपला मिथेन टेबलावरून ढकलून बघितला. पाण्याचा रेणू म्हणून जे आलं ते सरळ जू होतं. त्याला शिवळा, बैलाच्या मानेभोवतीच्या खुंट्या, तेवढ्या लावायच्या राहिल्या होत्या. ज्यांनी जन्मात धाट हातात धरलं नाही अशा शहरातल्या मुलांनी ही चूक इतक्या सफाईनं केली नसती.

बाईंनी पुस्तकातला कोन फळ्यावर लिहिला: एकशे नऊ अंश, अठ्ठावीस मिनिटं. मुलांनी तो वहीत उतरवला आणि पुन्हा गाड्याच केल्या. दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी बाईंनी पुस्तक मिटलं आणि घर सांगायला घेतलं.

एक घर. मध्ये चूल. चुलीवर चार जावांचा सारखा हक्क, त्यामुळं चूल सोडून कोणी जात नाही. पण चौघींचं एकमेकींशी बोलणं बंद आहे. प्रत्येकीला बाकी तिघींपासून होईल तितकं लांब बसायचंय. कुठं बसतील?

चार कोपऱ्यांत, वर्ग म्हणाला.

"घराला माळवद नाही का?" बाईंनी विचारलं.

मातीचं सपाट माळवद सगळ्यांच्याच घराला होतं. एक मुलगा म्हणाला की मग एक जाऊ जिन्यानं वर जाईल. बरोबर. ती वर गेली, चुलीच्या नेमकी वर, धूर जायच्या भोकापाशी बसली. आता खाली तिघींसाठी जागा झाली. तिघी जरा खाली सरकून पाय पसरून बसल्या. आता कोणाचंही कोणाशी अंतर सारखंच आणि आधीपेक्षा जास्त. या चार जावा म्हणजे इलेक्ट्रॉनच्या चार जोड्या. त्या भांडत नाहीत, फक्त एकमेकींना टाळतात. रेणूचा आकार या टाळण्यातून येतो.

महानंदानं मान खाली घालून काड्या खोचल्या आणि रेणू बाकावर ठेवला. तो तीन पायांवर उभा राहिला, चौथा आभाळाकडं. तिनं तो उलटा टाकला. पुन्हा तीन खाली, एक वर.

मग अमोनिया आला. त्यात जावा तीनच, पण घरात एक सासू आहे. सासू म्हणजे इलेक्ट्रॉनची अशी जोडी जी कोणाशी जोडलेली नाही. तिला बाहेर काही काम नाही, म्हणून ती चुलीजवळ ऐसपैस बसते आणि जास्त जागा खाते. तिच्यामुळं तिघी जावा जराशा जवळ ढकलल्या जातात. कोन होतो एकशे सात. पाण्यात तर दोन सासवा आणि दोन जावा. कोन आणखी आवळतो, पुरता अडीच अंशांचा फरक पडतो: एकशे साडेचार. दोन सासवा एका घरात कशा, असं एकानं विचारलं. सख्खी आणि चुलत, असं उत्तर मागच्या बाकावरून आलं आणि ते बाईंनी मान्य केलं.

तीन आठवड्यांत टेबलभर रेणू झाले. त्यांना रंग हवेत म्हणून कार्बनला चुलीची काजळी लावायचं ठरलं, ऑक्सिजनला कुंकू आणि नायट्रोजनला कपड्यांची नीळ. हायड्रोजन पांढराच राहिला. काजळी भेंडाला धरेना, तेव्हा महानंदाच्या आजीनं तोडगा सांगितला की गुळाच्या पाण्यात कालवा. कार्बन काळाभोर झाला आणि थोडा चिकटही.

तर तपासणीच्या दिवशी सकाळी बाई शेवटचा मिथेन करत होत्या. तो झाल्यावर सगळे रेणू एका फळीवर मांडून शिपाई मलप्पानं ती ओसरीवर उन्हात ठेवली, काजळी सुकावी म्हणून. बाई साडी बदलायला घरी गेल्या. मलप्पाला प्राचार्यांनी बोलावून घेतलं. प्रयोगशाळेच्या नळाला पाणी येत नव्हतं, विहीर आटली होती आणि टँकर दिवसाआड; म्हणून छपरावरच्या पिंपात चार घागरी ओतून ठेवायच्या, म्हणजे साहेबांनी तोटी सोडलीच तर दोन मिनिटं धार लागेल, असा सरांचा बेत होता.

एवढ्यात ग्यानोबाच्या कालवडीनं दावं तोडलं.

बाई परत आल्या तेव्हा कालवड ओसरीवर उभी राहून जीभ फिरवत होती. तिनं गुळाच्या वासावर आधी सगळी कार्बनी संयुगं संपवली होती. मिथेन, इथेन, इथिलीन, काही राहिलं नव्हतं. मग पाण्याचे रेणू चघळून टाकले होते. निळीच्या वासाचा अमोनिया मात्र तिनं तोंडात घेऊन परत ठेवला होता.

ग्यानोबा धावत आला. त्यानं कालवडीकडं पाहिलं, फळीकडं पाहिलं, आणि म्हणाला, "भेंड तेवढं तुमचं, हे मी कबूल केलतं बाई. जनावराला सांगायचं राहून गेलं."

बिरादार सर पायरीवर बसले. थोड्या वेळानं त्यांनी सुचवलं की मॉडेल प्रदर्शनाला लातूरला पाठवलीत असं सांगू. साहेब लातूरला विचारतील, असं बाई म्हणाल्या. सर म्हणाले की विचारून उत्तर येईपर्यंत ते निवृत्त होतील. बाईंनी मान हलवली नाही. त्यांनी मलप्पाला मुलांना बोलवायला पाठवलं आणि स्वतः ग्यानोबाला विचारलं की आणखी एक पेंडी मिळेल का. ग्यानोबानं विचार केला. कालवडीचं आज पोट भरलं होतं, तेव्हा आजची तिची पेंडी बाईंच्या वाट्याला जायला हरकत नव्हती. ती त्यानं आणून टाकली.

साहेब साडेदहाच्या सुमाराला जीपमधून उतरले. पडलवार त्यांचं नाव, विषय गणित, नोकरी नांदेडला, जन्म कंधारचा. कपाळावर घाम होता आणि पुढं निलंग्याकडं आणखी एक कॉलेज बघायचं होतं. प्रयोगशाळेत शिरल्यावर त्यांना अठरा विद्यार्थी जमिनीवर बसून धाटं सोलताना दिसले. हा हस्तकलेचा तास आहे का, असं त्यांनी विचारलं. रेणूंच्या रचनेचा आहे, असं बाईंनी सांगितलं. मॉडेल कुठं आहेत? होताहेत. आधीची? बाईंनी जे झालं ते सांगितलं. खिडकीतून ग्यानोबानं हाव म्हणून साक्ष दिली.

साहेब हसले नाहीत. त्यांनी पेन उघडलं आणि मग बंद केलं. समोर एक मुलगा साल अगदी न तुटता काढत होता आणि साहेबांची नजर त्या ब्लेडवर होती. जरा वेळानं त्यांनी स्टूल ओढलं आणि एक धाट मागितलं. कंधारला किल्ल्याच्या खंदकापाशी आम्ही छकडे करायचो, असं ते कोणाकडंही न बघता म्हणाले. बाह्या सारून त्यांनी भेंड कापलं, चार काड्या काढल्या, टोकं घासली. हात बसलेला होता. पाच मिनिटांत त्यांनी आपला मिथेन वर धरला: चार काड्या, चार नेमके काटकोन, एका पातळीत.

"वा," बिरादार सर म्हणाले. "अगदी तंतोतंत."

अठराही जणांनी आधी साहेबांच्या हाताकडं पाहिलं आणि मग बाईंकडं. महानंदानं वेणीचं टोक तोंडात धरलं होतं. पंचशीलाबाईंना दोन्ही बाजू स्पष्ट दिसत होत्या. बोललं तर मान्यता ज्यांच्या पेनात आहे ते साहेब दुखावतील आणि जूनमध्ये हा वर्ग नसेल. गप्प बसलं तर वर्ग असेल, पण या मुलांना आजच कळलेलं असेल की रेणूचा आकार तो कोण करतंय यावर ठरतो.

"साहेब, काम सुरेख झालंय," त्या म्हणाल्या. "पण हा छकडा झाला."

बिरादार सरांनी डोळे मिटले.

"चार दिशा," पडलवार म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण सपाट झाला होता. "तीनशे साठ भागिले चार. नव्वद. बाई, हे गणित आहे."

"गणित बरोबर आहे साहेब. घराला माळवद धरलं नाही."

साहेबांना यातलं काही कळलं नाही, आणि कळलं नाही हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. बाईंनी महानंदाला उभं केलं. तिनं सुरुवातीला पुस्तकी भाषेत प्रयत्न केला, अडखळली, आणि मग सरळ घरच्या बोलीत चार जावा सांगितल्या: चूल, अबोला, कोपरे, आणि वर गेलेली चौथी. शेवटी तिनं आपला मिथेन साहेबांच्या छकड्याशेजारी बाकावर टाकला. छकडा आडवा पडून राहिला. तिचा तीन पायांवर उभा राहिला.

पडलवारांनी तो उचलला, फिरवला, पुन्हा टाकला. मग विचारलं, "यातला कोन किती?"

"एकशे नऊ अंश अठ्ठावीस मिनिटं."

"कुठून आला?"

"पुस्तकात आहे," बाई म्हणाल्या. आणि जरा थांबून म्हणाल्या, "पुस्तकानं कुठून आणला ते मी शिकवलेलं नाही. मला ते मांडता येत नाही."

पुढं जे झालं त्याचं कारण बहुधा हे शेवटचं वाक्य असावं. साहेबांनी स्टूल मागं सारलं आणि खडू मागितला. फळ्यावर त्यांनी एक घन काढला, ठोकळ्यासारखा. ठोकळ्याच्या बरोबर मध्ये कार्बन ठेवला आणि आठ कोपऱ्यांपैकी एकआड एक असे चार कोपरे घेऊन तिथं जावा बसवल्या. मग मध्यापासून कोपऱ्यांपर्यंत रेघा ओढल्या आणि आकडेमोड सुरू केली. साडेअकरा वाजले. लॉगच्या तक्त्यांची वही आणवली गेली. उत्तर आलं सत्तर अंश बत्तीस मिनिटं. साहेब फळ्यापासून दोन पावलं मागं आले आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. बाहेर ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. बिरादार सर ओसरीवर जाऊन त्याला चहा पाजून आले.

मग साहेबांनी सदऱ्याच्या बाहीनं एक ओळ पुसली. ऋण चिन्ह राहिलं होतं. ते घातल्यावर कोन दुसऱ्या बाजूनं मोजला गेला: एकशे ऐंशीतून सत्तर अंश बत्तीस मिनिटं वजा. महानंदानं वजाबाकी साहेबांच्या आधी केली होती, पण ती बोलली नाही. साहेबांनी उत्तराखाली दोन रेघा मारल्या आणि खडूचे हात झटकले. त्यांचा चेहरा आता तपासणीला आलेल्या माणसाचा राहिला नव्हता.

अमोनियाचा पण काढतो, असं ते म्हणाले. तो असा निघायचा नाही, असं बाईंनी सांगितलं, आणि चावलेला अमोनिया हातात घेऊन सासू समजावली. साहेबांनी ती लक्ष देऊन ऐकली.

"सासूचं सूत्र नाही आमच्याकडं," ते म्हणाले.

"आमच्याकडं पण नाही साहेब," ग्यानोबा खिडकीतून म्हणाला.

एक वाजून गेला होता. निलंग्याकडचं कॉलेज वाट बघत होतं. साहेबांनी ग्रंथालय दारातूनच पाहिलं, हजेरी उभ्या उभ्या चाळली आणि नळाची तोटी सोडायचं त्यांना सुचलंच नाही. पिंपातलं पाणी संध्याकाळी मलप्पानं मुलांना तोंड धुवायला दिलं.

अहवालाची प्रत चार दिवसांनी एसटीच्या कंडक्टरबरोबर आली. विज्ञान शाखेची मान्यता एका वर्षानं वाढवावी आणि बारावीचा वर्ग सुरू करावा, अशी शिफारस होती. खाली दोन सूचना. पहिली, मॉडेल जनावरांच्या तोंडाला लागणार नाहीत अशा उंचीवर ठेवावीत. दुसरी, कोनाची सिद्धता विद्यार्थ्यांना शिकवावी. नुसता आकडा देऊ नये.

बिरादार सरांनी प्रत फळ्याशेजारी डकवली. बाई त्याच संध्याकाळी शिवप्पांच्या घरी गेल्या आणि उंबऱ्यातूनच निकाल सांगितला. शिवप्पा बाजेवर बसले होते. बारावीलाही बाईच शिकवणार का, एवढं त्यांनी विचारलं. हो म्हटल्यावर ते म्हणाले, "मग शिकू द्या आनखी एक साल. पाहुण्यास्नी मी सांगतो." महानंदा आत भाकरी थापत होती. तिचा हात क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

दुसऱ्या सूचनेवर पंचशीलाबाईंनी तीन दिवस घेतले. साहेबांची आकडेमोड मुलांच्या वहीतून उतरवून घेतली आणि ऋण चिन्ह कुठं लागतं ते स्वतःला पटेपर्यंत दोनदा पहिल्यापासून मांडून पाहिली. उन्हामुळं कॉलेज आता सकाळचं झालं आहे. उद्या, गुरुवारी, अकरावीचा रसायनशास्त्राचा तास पहिला, सव्वासातला आहे, आणि त्या तासाला घन, त्याचा मध्य आणि एकआड एक चार कोपरे शिकवायचे आहेत.